बटूच्या पोटातली ऊब

११ फेब्रुवारी

हीटर लावला! मला न विचारता!

सकाळी नियंत्रण कक्षात पाऊल टाकलं, तर समोरच्या पडद्यावर सगळ्यात खालच्या थर्मामीटरची रेघ सरळ उभी चढलेली. मला वाटलं सळई मोडली. तिथे जे होते ते सगळे एकदम आपापल्या कीबोर्डात डोकं घालून बसले. शेवटी बारकी उठली. ही माझीच विद्यार्थिनी. पीएच.डी. माझ्या हाताखाली केली, आता मोहिमेची उपप्रमुख आहे, तरी आम्ही तिला बारकीच म्हणतो. म्हणाली, "मॅडम, काल तुम्ही घरी गेल्यावर संचालकांचा निरोप आला. हीटरचा आदेश पाठवून टाका म्हणाले."

"आणि तू पाठवलास?"

तिनं मान डोलावली.

मी पर्स टेबलावर आपटली. आतला चष्मा फुटला. तोही माझाच!

काय झालंय ते नीट लिहून काढते, म्हणजे उद्या भांडताना शब्द हाताशी राहतील. बटू हा एवढासा ग्रह. इतका लहान, की त्याच्या पोटातली ऊब केव्हाच उडून गेली असणार असं सगळं जग म्हणतं. मी म्हणते, आत अजून ऊब आहे. हे म्हणता म्हणता माझे केस पांढरे झाले. आता आमचं यान तिथे उतरलंय, त्यानं जमिनीत लांब सळई ठोकलीय, आणि सळईवर वरपासून खालपर्यंत थर्मामीटर बसवलेत. खाली गरम आणि वर गार लागलं, तर पोटातून ऊब वर येतेय. साधी गोष्ट. पण सळई ठोकताना जमीन घासून तापते. म्हणून आधी थांबायचं. सगळं निवू द्यायचं. मग थर्मामीटर वाचायचे. हीटर अगदी शेवटी – ती माती ऊब किती पुढे जाऊ देते, एवढंच तपासायला. आणि हा हीटर बसवलाय कुठे? सळईच्या टोकाला, सगळ्यात खाली! तो आधी लावला की खाली गरम, वर गार, असंच दिसणार. तिथे हवा नाही, ओल नाही, नुसती भुसभुशीत धूळ. एकदा तापवलेलं निवायला महिने लागतात.

म्हणजे आता आम्ही बटूची ऊब मोजत नाही आहोत. स्वतःच्या हीटरची मोजतो आहोत.

१२ फेब्रुवारी

फीतकाप्यांकडे जाऊन आले. फीतकापे म्हणजे आमचे संचालक. आडनाव वेगळं आहे, पण ते कुणाच्या लक्षात राहत नाही.

"बसा मॅडम. पाणी घ्या."

बसले नाही. पाणीही घेतलं नाही.

"अहो, ऊब किती ते काढायला दोन आकडे लागतात, हे तुम्हीच आम्हाला शिकवलंत. एक थर्मामीटर देतायत. दुसऱ्याला हीटर लागतो. तो आत्ताच उरकून घेतला. बिघडलं कुठे?"

उरकून घेतला! जशी काही मागची भांडी पडली होती मोरीत.

मी म्हटलं, गरमागरम चहा प्यायचा, लगेच तोंडात थर्मामीटर धरायचा आणि ताप आलाय म्हणून रजा टाकायची, असं केलंय तुम्ही. तर हा माणूस हसला. म्हणाला, "वा, सोपं उदाहरण आहे. पत्रकारांसमोर वापरू आपण."

तळपायाची आग मस्तकात गेली. दार लावून घ्यायचंही भान राहिलं नाही. उघडंच टाकून आले.

१६ फेब्रुवारी

खालचा थर्मामीटर ढिम्म. निवायचं नाव नाही. कसा निवेल!

२० फेब्रुवारी

जाहीर केलं. भर सभागृहात, कॅमेऱ्यांच्या गर्दीत. "बटू जिवंत आहे!" असं म्हणाले फीतकापे, आणि मागच्या पडद्यावर दोन आकडे लावले. एक सळईचा. दुसरा मी ऐन तरुणपणी कागदावर मांडलेला. दोन्ही जवळजवळ सारखे. इतके सारखे की मलाच शरम वाटली. खऱ्या गोष्टी अशा मापात शिवून येत नाहीत.

मग माझा फोटो. कुठून तरी लग्नाआधीचा उकरून काढलेला. "याचं सगळं श्रेय मॅडमना!" टाळ्या. लोक उभे राहिले. मी शेवटच्या रांगेतून उठले आणि बाहेर चालू लागले, तर टाळ्या आणखी वाढल्या. त्यांना वाटलं, बाईंना गहिवरून आलं.

घरी आले तर आई बिल्डिंगभर सांगून आलेली. दोन्ही जिने चढून-उतरून! गुडघे धरून बसली होती, पण चेहरा नुसता फुललेला. "अगं, तुझाच ग्रह गरम निघाला ना? मग सुतकी तोंड करून का बसलीयस?" नवरा स्वयंपाकघरातून म्हणाला, "आई, आज तिला काही विचारू नका." हा माणूस दिवसभर लोकांचे आखडलेले खांदे सोडवतो, त्याला माझे खांदे लांबूनच दिसतात. त्याच्या समजूतदारपणाचाही राग आला. जेवले नाही.

मला हवा होता हा आकडा. देवाशपथ हवा होता. याच्यासाठी मी मूल पाळणाघरात टाकून परिषदांना गेले, बढत्या सोडल्या, जिथे तिथे 'गरम ग्रहवाली बाई' म्हणून हसं करून घेतलं. आणि या लोकांनी तो मला खोटा आणून दिला. आता उद्या खरोखर ऊब सापडली तरी कोण विश्वास ठेवेल? मी तरी ठेवेन का?

२१ फेब्रुवारी

सरांचा फोन. इतक्या वर्षांनी!

"अभिनंदन. तू खरी ठरलीस," एवढंच. आवाज पार खोल गेलाय. मी काही बोलायच्या आत ठेवलासुद्धा.

मी फोनकडे बघत राहिले. हे सर? हे? मी त्यांच्याकडे शिकत होते तेव्हा आम्हाला माळरानावर घेऊन जायचे, जमिनीत खोल भोक पाडून आत थर्मामीटर सोडायला लावायचे. आकडा आणून दिला की कागदाकडे न बघता पहिला प्रश्न – "भोक पाडून थांबलात किती?" एकदा आम्ही घाई केली. उन्हाला कंटाळलो होतो, दुसरं काही नाही. सरांनी उत्तर ऐकलं, कागद चारदा घडी करून खिशात घातला आणि अख्ख्या तुकडीला परत माळावर पाठवलं. त्यांच्याच हाताखाली मी तयार झाले आणि त्यांनीच माझ्या पहिल्या मोठ्या परिषदेत, माझं भाषण संपल्यावर, सगळ्यांदेखत उठून म्हटलं होतं, "बाईंनी मोजमाप दाखवलेलं नाही. हौस दाखवलीय." सभागृह हसलं. त्यानंतर मी त्यांच्या घरची पायरी चढले नाही.

आणि आज त्या माणसाला एक प्रश्न विचारावासा वाटला नाही? सळई ठोकून थांबलात किती, एवढं? सगळ्या जगात एकटा तोच विचारेल असं मी धरून चालले होते. म्हातारा झाला की माणूस मऊ पडतो म्हणतात. मला मऊ नको होते ते!

५ मार्च

बारकी चहा घेऊन माझ्या खोलीत आली. बराच वेळ कपाशी चाळा करत होती. मग म्हणाली, "मॅडम, एक विचारू? आकडा तर तुमच्याच बाजूचा आलाय ना?"

मी तिला बाहेर काढलं. अक्षरशः बोट दाखवून. आपणच शिकवलेल्या पोरीच्या तोंडून हे ऐकावं लागतं! बाजू म्हणे! ही काय भाऊबंदकी आहे का, तुमची बाजू आणि आमची बाजू?

चहा तसाच राहिला. साय धरली त्यावर.

१४ मार्च

नवीन संकट. यान उतरलंय तिथला उन्हाळा संपत आला. ऊन तिरपं होत जाणार, तशी यानाची वीज कमी कमी होणार. कॅमेरा आणि थर्मामीटर, दोन्ही चालवायचे तर मधेच सगळं झोपेल. फीतकापे म्हणतात, थर्मामीटर बंद करू, आकडा मिळालाच आहे. कॅमेरा ठेवू. लोकांना चित्रं आवडतात.

थर्मामीटर बंद केले की संपलंच. हीटरची ऊब उतरून खाली खरं काय उरतं, ते कुणालाच कधी कळणार नाही. आमच्या हयातीत दुसरं यान तिकडे जाणार नाही. खोटा आकडा पाठ्यपुस्तकात जाईल, खाली माझं नाव, आणि पुढच्या पिढ्या तो घोकतील.

नाही. उलटं व्हायला हवं. कॅमेरा बंद करा, थर्मामीटर चालू ठेवा. तसं लिहून वरच्या समितीकडे दिलं. तीनच ओळी. चौथी लिहिली होती, नवऱ्यानं वाचून खोडायला लावली. बरं केलं.

१८ मार्च

मान तुकवून सरांना पत्र पाठवलं. समिती त्यांचं ऐकते, अजूनही. दोन शब्द लिहा म्हटलं, हीटर आधी लावणं चूक आहे एवढंच. यात माझ्या बाजूचं काही नाही. उलट तुमच्या बाजूचंच आहे – ऊब नाही असं तुम्हीच तर आयुष्यभर सांगत आलात.

२४ मार्च

सरांच्या सुनेचा फोन. "बाबांची तब्येत बरी नसते हो. ते म्हणाले, मला यात ओढू नकोस म्हणावं."

ओढू नकोस! मला भर सभेत ओढलं तेव्हा? तेव्हा मोठा कंठ फुटला होता! आज खरं बोलायची वेळ आली तर मूग गिळून बसले. हातातली बशी भिंतीवर मारावीशी वाटली. आई समोर होती म्हणून ठेवली.

आता या माणसाशी माझा संबंध संपला. एकदाचा.

२ एप्रिल

समिती. लांबलचक टेबल, प्रत्येकासमोर पाण्याची बाटली, कुणी उघडत नाही. फीतकापे आधी बोलले. गोड. "मॅडमचा काटेकोरपणा आम्हाला सर्वांना वंदनीय आहे." मी मधेच म्हटलं, "वंदन नको. वीज द्या."

मग मी सगळं सांगितलं. टोकाचा हीटर, ती धूळ, निवायला लागणारा काळ. अध्यक्षबाईंनी विचारलं, "म्हणजे तुम्ही म्हणता तुमचंच भाकीत चूक आहे?" म्हटलं, "चूक की बरोबर, ते मला ठाऊक नाही. तुम्हालाही नाही. या टेबलाभोवती कुणालाच नाही. मी तेवढंच म्हणतेय."

फीतकापे माझ्याकडे वाकून हळूच म्हणाले, "कशाला स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेताय? पुढच्या वर्षी निवृत्त व्हाल. सुखानं व्हा की."

सुखानं!

मग अध्यक्षबाई बारकीकडे वळल्या. कॅमेरा तिचा. म्हणजे खरोखरच तिचा. भिंगापासून तिनं घडवलेला, त्याच्यापायी लग्न दोनदा पुढे ढकललं. मला वाटलं, झालं, ही कॅमेऱ्याच्याच मागे उभी राहणार. बारकी उभी राहिली.  "हीटरचा आदेश मी पाठवला. मला माहीत होतं थांबायला हवं, तरी पाठवला. कॅमेरा बंद करा."

आणि खाली बसली.

वीज मिळाली. बाहेर आल्यावर तिला काहीतरी बोलायला हवं होतं. मी म्हटलं, "पाठीला पोक काढून उभी राहतेस तू, नीट उभी राहत जा." ती रडायला लागली. मीही कसली माणूस आहे!

४ एप्रिल

पेपरात मथळा – 'बटूच्या उबेवर खुद्द शोधकर्तीचाच संशय'. आई आज जिना उतरली नाही. शेजारीण काय काय बोलली ते सांगेना. नुसतं म्हणाली, "तू गप्प बसली असतीस तर काय गेलं असतं गं कुणाचं?"

उत्तर होतं. दिलं नाही. तिच्या गुडघ्यांना तेल लावून दिलं.

२९ एप्रिल

बारकीनं कॅमेरा बंद केला. शेवटचं चित्र – राखाडी जमीन आणि यानाची लांबट सावली. तिनं ते कुठे टांगलं वगैरे नाही. पुढच्या कामाला लागली.

रेघ उतरतेय. सावकाश, पण उतरतेय! मी म्हटलं होतं ना? फीतकापे मला दिसले की दुसऱ्या जिन्यानं जातात. जाऊ देत. व्यायाम होतो.

१७ मे

उतरतेय. जाहीर केलेल्या आकड्याच्या निम्म्यावर आली. फीतकाप्यांनी खुलासा काढलाय – 'प्राथमिक अंदाज'. त्या दिवशी जिवंत होता, आज अंदाज झाला.

मला आनंद व्हायला हवा. मी खरी ठरतेय. पण आज घरी येताना माझ्या ध्यानात आलं, की मी त्या रेघेला थांब म्हणतेय. मनातल्या मनात नाही. तोंडानं. बसस्टॉपवर. शेजारचा माणूस जरा सरकून उभा राहिला.

आता पुरे, इथे थांब. निम्मं चालेल मला. निम्म्यातही माझं खरं आहे.

८ जून

अजून उतरतेय. पाव राहिलं. पावही चालेल!

नवऱ्यावर उगाचच ओरडले. त्यानं फक्त विचारलं होतं, आज किती. म्हटलं, काय रोज किती किती, तो काय बाजारभाव आहे? तो मागे उभा राहून माझी मान दाबून देत राहिला. आणि मी त्याच्याच हातावर रडले. राग कुणाचा, निघतो कुणावर.

राग नक्की कुणाचा येतोय आता? फीतकाप्यांचा नाही, तो शिळा झाला. बारकीचा नाही. त्या एवढ्याशा दगडाचा येतोय. त्याच्या अंगाखाली कणभर ऊब नको? मी अख्खं आयुष्य तुझ्या बाजूनं बोलले, तू एकदा तरी माझ्या बाजूनं बोल की! – आणि हे लिहिल्यावर मार्चमध्ये बारकीवर कशासाठी डाफरले ते आठवलं. बाजू.

म्हातारा आज समोर असता तर म्हणाला असता, हौस. त्याचाही राग आहेच. तो काही शिळा होत नाही.

३० जून

बारकी म्हणाली, "मॅडम, अजून थोडं थांबू. कदाचित खाली कुठेतरी टेकेल." कदाचित म्हणे! मी तिच्याकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत नव्हती. गणित तिलाही येतं.

११ जुलै

वीज संपत आली. थर्मामीटर दिवसातून एकदाच बोलतात.

१९ जुलै

रेघ आडवी झाली. वर जेवढं, खाली तेवढंच. हीटरची ऊब गेली आणि तिच्यामागे काहीही उरलं नाही. बटू थंड आहे. केव्हाचाच.

पत्रकारांना मीच सांगितलं. फीतकाप्यांना बोलू दिलं नाही. "माझं भाकीत चूक होतं." दोन मिनिटांत संपलं. टाळ्या वगैरे काही नाहीत. आईनं टीव्ही लावला होता. ती म्हणाली, "नीट उभी होतीस."

२० जुलै

सरांना फोन केला. म्हटलं, "सर, तुमचंच बरोबर होतं. थंड निघाला."

 मग मला राहवलं नाही. विचारलं, "फेब्रुवारीत मला अभिनंदन म्हणालात. थांबलात किती, हे का नाही विचारलंत? तुम्ही, सर?"

"मला विचारायचं नव्हतं," ते म्हणाले. "तुझं खरं निघावं असं वाटायचं गं मला. पहिल्यापासून."

मी फोन कानाशी तसाच धरून राहिले. त्यांनीही फोन ठेवला नाही.